अर्धा सूर खाली

आमच्या दादरच्या दोन खोल्यांत पियानो आहे असे सांगितले, की ऐकणारा आधी माझ्याकडे पाहतो आणि मग दाराच्या रुंदीकडे. पियानो आमच्या हिचा. चाळीस वर्षे तिने तो सांभाळला, आणि तोही शिस्तीने. त्यावर फुलदाणी ठेवायची नाही, समुद्राकडची खिडकी उघडी टाकायची नाही, आणि पावसाळ्याचे चार महिने त्याच्या पोटात पंधरा वॅटचा दिवा जळत ठेवायचा. त्या उबेने आतली हवा जरा कोरडी राहते. (हल्लीचे दिवे वीज वाचवतात, पण ऊब देत नाहीत. या कामी ते अगदी कुचकामी!)

ती गेल्यावर तीन वर्षे मी झाकण उघडले नाही. दिवाही लावला नाही. पुढे नातीने शिकायचा हट्ट धरला, तेव्हा एका कारागिराला बोलावले. त्याने चिकटणाऱ्या पट्ट्यांवर तेल सोडले, तासाभरात काम उरकले आणि पैसे मोजून घेतले. पंधरवड्यात पट्ट्या पुन्हा चिकटल्या.

मग जुलैत वांद्र्याहून दुसरे एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांनी पिशवी न उघडताच विचारले, "आतला दिवा का बंद केलात?" मला उत्तर सुचेना. पट्ट्या बाहेर काढून त्यांनी फुगलेल्या जागा मोकळ्या केल्या, हातोड्यांच्या नमद्यावरची कसर झाडली. आधीच्या माणसाबद्दल चकार शब्द नाही. "तेल इथं चालत नाही," एवढेच. सूर लावायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. पावसात तारांमागची लाकडी फळी फुगते, तारा ताणल्या जातात. हवा कोरडी झाली की ती बसते आणि सूर उतरतो. "आज लावला तर तुमचे पैसे पाण्यात. दिवाळीनंतर बोलवा." चालून आलेले काम परत करणारा माणूस मी पुष्कळ दिवसांनी पाहिला.

नोव्हेंबरात ते आले. 440 कंपनांचा नादकाटा त्यांनी गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला आणि म्हणाले, "हा जवळजवळ अर्धा सूर खाली आहे. जुनी सवय दिसते."

सवय हिचीच. तारा जुन्या, म्हणून वर चढवायच्या नाहीत, असे ती सांगे. पण उतारवयात तिचा गळाही खाली आला होता, हे मला त्या क्षणी आठवले.

त्यांनी मला सगळे समजावून सांगितले. तारा सुमारे 230. त्यांचा एकूण ताण पंधरा-वीस टनांच्या घरात. अर्धा सूर चढवायचा तर तो आठव्या हिश्शाने वाढणार. "आहे तसा ठेवला तर सुखाने राहील. पण मुलीला पुढे व्हायोलिनबरोबर वाजवायचं झालं, तर तिचा कान चुकीचा घडलेला असेल. वर घ्यायचा तर दोन-तीन खेपा लागतील. एखादी तार तुटेल. तुटल्यावर सांगण्यापेक्षा आत्ताच सांगतो. ठरवा, मी थांबतो." आणि ते खरोखरच चहा घेत थांबले.

मी पियानोपाशी गेलो. मला एका बोटाने एवढीच एक चाल येते, ती हिनेच शिकवलेली. ती त्या खालच्या सुरात एकदा वाजवली. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"वर घ्या," मी म्हणालो.

दुसऱ्या खेपेला एक तार तुटलीच. नवी घातली; पण नवी तार ताणत जाते आणि सूर सोडते, म्हणून महिनाभरात न बोलावता ते दोनदा येऊन ती लावून गेले.

आता दिवेलागणीला नात वाजवते. मी आरामखुर्चीत बसून गुणगुणतो, तर ती थांबते आणि मान वळवून म्हणते, "आजोबा, तुम्ही खाली गाताय."