हॅरी लाइमच्या गोळ्या

चि. मुक्तास,


परवा तू विचारलंस, गुन्हेगार कोण हे ठाऊक असताना मावशी तोच ‘द थर्ड मॅन’ पुन्हा पुन्हा काय बघते? फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहायला बसले. गोष्ट आधी कळली तरी या सिनेमाचं काही बिघडत नाही, तेव्हा सगळं मोकळेपणी सांगते.

चित्रपट १९४९चा, ब्रिटिश. दिग्दर्शक कॅरल रीड, पटकथा ग्रॅहम ग्रीनची. महायुद्ध संपलंय, व्हिएन्ना बाँबहल्ल्यांत मोडून पडलंय आणि चार विजेत्या राष्ट्रांनी ते आपसांत वाटून घेतलंय. हॉली मार्टिन्स हा अमेरिकन लेखक मित्राच्या बोलावण्यावरून तिथे येतो, तर त्याच मित्राच्या दफनविधीला उभं राहायची पाळी येते. तो मित्र हॅरी लाइम. पुढे कळतं, की तो जिवंत आहे आणि चोरीच्या पेनिसिलिनमध्ये भेसळ करून ते विकतो आहे.

ऑर्सन वेल्सचा हॅरी पहिल्यांदा दिसतो तेव्हा जवळपास तासभर सिनेमा होऊन गेलेला असतो. अंधाऱ्या दारात बूट दिसतात, बुटांशी मांजर घोटाळत असतं. समोरची खिडकी उजळते, चेहऱ्यावर प्रकाश पडतो आणि हा गडी हसतो! त्या एका हसण्यावर आपण त्याला निम्मं माफ करून टाकतो. रीडचं सारं कसब इथे आहे. आधी जीव लावायला लावतो, मग हिशेब मांडतो.

मग प्राटर बागेतला तो अवाढव्य पाळणा. वर गेल्यावर हॅरी खालची माणसं दाखवतो. इतक्या उंचीवरून ते नुसते ठिपके. यातला एखादा ठिपका हलायचा थांबला तर तुला खरंच वाईट वाटेल का, असं तो मित्राला विचारतो, वर एकेका ठिपक्याची किंमतही सांगतो. पण मुक्ता, तू त्याआधीचं बघ. त्याचं पोट बिघडलंय. तो गोळी तोंडात टाकतो आणि कुरकुरतो, की या गोळ्या आता युरोपात कुठेच मिळत नाहीत. मुलांच्या औषधात भेसळ करणाऱ्याला स्वतःच्या पचनाचं औषध मात्र अस्सल हवं. कॅमेरा तिथे जराही रेंगाळत नाही, कुणी त्यावर बोलतही नाही. मला मात्र तिथे दर वेळी संताप येतो.

हॅरीला पकडून द्यावं की नाही यावर मार्टिन्स डळमळतो, तेव्हा पोलीस अधिकारी कॅलोवे त्याला मुलांच्या इस्पितळात नेतो. तिथे एकाही मुलाचा चेहरा आपल्याला दाखवलेला नाही. खाटा दिसतात, मार्टिन्सचा चेहरा दिसतो, नर्स खेळण्यातलं एक अस्वल बाजूला टाकते. बस्स. रडारड नाही, वाद्यवृंदाचा गदारोळ नाही. अख्ख्या सिनेमाला एकट्या अँटन करासच्या झिदर या तंतुवाद्याची साथ आहे. व्हिएन्नातल्या वाइनच्या गुत्त्यांत वाजवणारा हा माणूस रीडनेच हेरला होता. रॉबर्ट क्रॅस्करच्या छायाचित्रणाला ऑस्कर मिळालं, ते ओले रस्ते आणि तिरक्या चौकटी तू बघशीलच.

शेवटावरून ग्रीन आणि रीडचं जमत नव्हतं. ग्रीनला जरा गोड शेवट हवा होता, रीड अडून बसला. पुढे ग्रीननेच रीडचं बरोबर होतं असं कबूल केलं. हॅरीची प्रेयसी अ‍ॅना दफनभूमीच्या लांबलचक रस्त्यावरून चालत येते आणि वाट बघत थांबलेल्या मार्टिन्सकडे ढुंकूनही न बघता निघून जाते. हॅरीने काय केलं ते तिला पक्कं माहीत आहे, तरी तिचं प्रेम आटलेलं नाही. मार्टिन्स हॅरीला पकडून द्यायला तयार झाला, तेही करायलाच हवं होतं. सिनेमा दोघांतल्या कुणालाही खोटं पाडत नाही, म्हणून मी परत परत त्याच्याकडे जाते. कधी अ‍ॅनाच्या बाजूने उठते, कधी मार्टिन्सच्या.

तू रोज मुलांच्या वॉर्डात उभी असतेस, कुपीवरचं लेबल वाचून इंजेक्शन भरतेस. रात्रपाळीनंतर नको, सुटीच्या दिवशी निवांत बघ. आणि जिवलग मित्राला पकडून द्यायला तयार झालेला मार्टिन्स तुला मित्रद्रोही वाटतो का, ते सविस्तर लिही.

तुझी,
मावशी