शिंदीखालचें दूध

पेयांच्या आवडीनिवडीविषयीं आमच्यासारख्यानें लिहावें, हें पाहून वाचकांपैकीं कित्येकांच्या भुंवया वर चढतील. आमच्या घरांत आसव म्हटलें कीं द्राक्षासव किंवा कुमार्यासव, आणि अरिष्ट म्हटलें कीं दशमूलारिष्ट, एवढाच अर्थ आजवर सर्वांस ठाऊक. तरी हा विषय आमच्या माथीं आला खरा. तो आणला आमच्या पुतण्यानें.

पुतण्या कित्येक वर्षें परदेशीं असतो. गेल्या माघांत तो पार्ल्यास आमच्या घरीं उतरला होता. रात्रीं जेवणानंतर त्यानें आपल्या आवडत्या पेयांची एक यादीच आम्हांस ऐकविली. फ्रान्सची तांबडी वाइन कोणत्या खोऱ्यांतली चांगली, स्कॉटलंडच्या व्हिस्कीस धुराचा वास पीट नांवाच्या मातीच्या आंचेमुळें कसा येतो, बेल्जमचे मठवासी साधु बिअर कशी गाळतात, हें सर्व तो इतक्या रसिकतेनें सांगत होता कीं, एखाद्या वैयाकरणानें धातुपाठ म्हणावा! शेवटीं म्हणाला, “काका, आतां तुमची यादी सांगा.”

आम्हीं सांगितलें, “ग्रंथांत आम्हीं पुष्कळ चाखली आहेत. मनूनें गौडी, पैष्टी आणि माध्वी अशा तीन सुरा सांगून तिन्ही वर्ज्य ठरविल्या. चरकानें आसवांचे चौऱ्यायशीं प्रकार मोजले. कौटिल्यानें तर सुरेवर एक स्वतंत्र अध्यक्षच नेमला. आणि रघूच्या सैनिकांनीं महेंद्र पर्वताच्या पायथ्याशीं नागवेलीच्या पानांत नारळाचें मद्य घेतलें, तें कालिदासाबरोबर आम्हींहि चाळीस वर्षें वर्गांत बसून पाहिलें. प्रत्यक्षांत मात्र एकहि नाहीं.”

“म्हणजे यादी कोरीच?”

“कोरी नाहीं,” आम्ही म्हणालों. “एक पेय आहे. पण तें जेथें मिळतें, तेथें आमचें एक जुनें देणें राहिलें आहे.” पुतण्यानें आग्रह धरला, आणि दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे विरारला गाडी बदलून पालघरच्या वाटेला लागलों.

वैतरणेची खाडी ओलांडली कीं मुंबईचा पाश सुटल्यासारखा वाटतो. मिठागरें, भातखाचरें, आणि बांधाबांधांवर ताड व शिंदी. पालघर हें १ ऑगस्ट २०१४ पासून जिल्ह्याचें ठाणें झालें आहे; लोकल गाड्या २०१३ पासून डहाणूपर्यंत जातात, आणि स्टेशनाभोंवतीं इमारतींची दाटी वाढत आहे. परंतु खिडकींतून दिसणारी ती ताडांची रांग आम्हीं १९८३ सालीं प्रथम पाहिली तशीच आहे. संस्कृतांत ह्यास ‘ताल’ म्हणतात व शिंदीस ‘खर्जूरी’. बलरामाच्या ध्वजावर ताल होता, आणि तालवनांतल्या धेनुकासुरास मारून त्यानेंच तीं फळें गोपाळांस मोकळीं केलीं. तो वारुणीचा भोक्ता होता, हें आम्ही मुलांना सांगत नसूं. शिक्षकाला कांहीं श्लोक गाळावे लागतात.

बोइसरास उतरलों. येथें औद्योगिक वसाहतीमुळें हवेंत रसायनांचा उग्र दर्प असतो. नाकास रुमाल लावून पुतण्या म्हणाला, “ह्यापेक्षां तुमच्या ताडीचा वास बरा असेल!” तो सहज बोलून गेला, आमच्या मनांत मात्र तें शब्द रुतले. तें कां, हें पुढें कळेल.

रिक्षानें तारापुरास गेलों. समुद्राकांठचा हा पोर्तुगीजांचा कोट १७३९ च्या जानेवारींत चिमाजीअप्पांच्या फौजेनें घेतला. त्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर पडले. वसई हातीं आली ती पुढें त्याच वर्षाच्या मे महिन्यांत. कोटाच्या तटावर आज झुडपें माजलीं आहेत. किनाऱ्यावरून देशांतलें पहिलें अणुविद्युत्केंद्र दिसतें. तें १९६९ पासून चालूं आहे. पुढें तिसऱ्या व चौथ्या यंत्रांच्या वेळीं अक्करपट्टी आणि पोफरण हीं गांवें हलवावीं लागलीं. एकाच किनाऱ्यावर तोफेचा, अणूचा आणि ताडाचा असे तीन काळ शेजारीं उभे आहेत, आणि त्यांत सर्वांत जुना ताडच.

ह्या झाडाची रीत वाचकांस सांगितली पाहिजे. ताड साठ-सत्तर फूट सरळ वाढतो, आणि त्याला फुलोरा येण्यास बारा-पंधरा वर्षें तरी लागतात. लावणारा बहुधा मुलासाठींच लावतो. नराला फळ धरत नाहीं. मादीला ताडगोळे लागतात. रस मात्र दोघांच्याहि फुलोऱ्यापासून निघतो. फुलोरा बांधून, हळूहळू ठोकून, त्याचें टोंक रोज पातळ कापावें लागतें, आणि त्याखालीं मडकें टांगावें लागतें. शिंदीचा प्रकार निराळा. तिच्या शेंड्याखालीं खोडालाच खांच घेतात. रात्रभर थेंब थेंब जो रस जमतो ती नीरा. तींत दशांशाहून अधिक साखर असते, आणि मद्य मुळींच नसतें. पण हवेंतले व मडक्यांतले सूक्ष्म किण्व तिच्यावर लगेच काम करूं लागतात. ऊन चढलें कीं ती फेसाळते, आंबते, आणि दुपारपर्यंत तिची ताडी होते. मडक्याला आंतून चुन्याचा हात दिला तर हें आंबणें कांहीं काळ थोपतें. म्हणजे नीरा आणि ताडी ह्यांच्यांत जातीचा भेद नाहीं. भेद आहे तो घटकांचा.

सरकारनें ह्या झाडाकडे फार पूर्वींपासून नजर ठेविली. १८७८ च्या अबकारी कायद्यानें परवाना आणि झाडागणिक कर आला. १८९२ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील मोहाच्या फुलांसाठीं वेगळा कायदा होऊन, जंगलांत आपोआप गळणारें फूल घरीं बाळगणें हाहि गुन्हा ठरला. उद्देश असा कीं, लोकांनीं आपलें घरचें न पितां मक्तेदाराच्या दुकानांतलें महाग प्यावें. पुढें १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला. तो आजहि पुस्तकांत आहे, आणि नीरा काढावयाची तरी परवाना लागतो. ह्या सर्व काळांत वारल्यांच्या घरीं जन्म, लग्न, मृत्यु ह्यांपैकीं कोणतेंहि कार्य ताडीचे चार थेंब देवाला शिंपडल्यावांचून झालें नाहीं. त्यांच्या भिंतींवरच्या पांढऱ्या चित्रांतहि ताडावर चढणारा माणूस असतोच. ताडीनें कित्येक घरें बुडालीं, हेंहि आम्हीं पाहिलें आहे; ताडींत रसायन कालवून विकणारेहि असतात. त्यामुळें ‘पिऊं नका’ असें सांगणाऱ्यांशीं आमचा वाद नाहीं. आमचा वाद स्वतःशींच आहे.

१९८३ सालीं ह्याच भागांत एका खेड्याच्या शाळेंत आम्ही नवे शिक्षक म्हणून आलों. वय पंचवीस-सव्वीस, तोंडीं सुभाषितें आणि हातीं छडी. सहावीच्या वर्गांत एक वारली मुलगा होता. अक्षर सुरेख, आणि पाठांतर असें कीं, आम्हीं शिकविलेले श्लोक तो शुद्ध म्हणे. एके दिवशीं तो उशिरां आला. अंगाला ताडीचा आंबूस वास येत होता, सदरा ओला होता. आम्हीं कांहींएक न विचारतां सबंध वर्गासमोर त्याला सहा छड्या मारल्या, आणि म्हणालों, “पिऊन यावयाचें असेल तर शाळेंत येऊं नकोस.” तो रडला नाहीं. दुसऱ्या दिवसापासून आला नाहीं, तो पुन्हां कधींच आला नाहीं.

महिन्याभरानें एका सहकाऱ्यानें सांगितलें कीं, तो पोर पहाटे बापाबरोबर झाडांखालीं मडकीं उतरून घेई आणि मग शाळेस येई; त्या दिवशीं एक मडकें अंगावर सांडलें असावें. आपल्याकडे म्हण आहे कीं, शिंदीच्या झाडाखालीं बसून दूध प्यालें तरी लोक ताडीच म्हणतात. ही म्हण आम्हीं त्याच वर्गांत फळ्यावर लिहून शिकविली होती! पाड्यावर जाऊन मुलाला परत आणावा असें शंभरदां मनांत आलें. पाडा दीड कोसांवर होता. पण गेलों नाहीं. प्रथम लाज होती, मग बदली झाली, मग संसार. दीड कोस चालावयास आम्हांस चाळीस वर्षांवर लागलीं.

त्या रात्रीं चिंचणीस एका जुन्या स्नेह्यांकडे राहिलों. स्नेह्यांनीं पाड्यावर निरोप धाडून ठेविला होता. नीरा प्यावयाची तर सूर्योदयापूर्वीं झाडाखालीं पोंचलें पाहिजे, म्हणून पहाटे बॅटरीच्या उजेडांत चाललों. थंडी होती. पाड्याबाहेर तीन ताडांखालीं एक पन्नाशी उलटलेला मनुष्य उभा होता. केस पिकलेले, पाय मात्र झाडावर चढणाऱ्याचे. आम्हांला पाहून त्यानें वांकून नमस्कार केला आणि म्हणाला, “गुरुजी, बसा. आधीं उतरवून आणतों.”

दोराचा वेढा पायांत घालून तो अंधारांत वर गेला. पुतण्या मान उंच करून पाहत होता. वरून फक्त कोयत्याचा बारीक आवाज येई. मडकें कमरेला लावून तो खालीं आला, फडक्यानें गाळून त्यानें नीरा दोन स्टीलच्या पेल्यांत ओतली, आणि पेले आमच्या पुढें धरले. आम्हीं पेला घेतला नाहीं. आम्ही म्हणालों, “आधीं एक बोलावयाचें आहे. त्या दिवशीं तूं प्यालेला नव्हतास. आम्हीं विचारावयास हवें होतें.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मडकें फुटलं होतं, गुरुजी. तेवढ्यासाठीं बापाचा मार घरूनच खाऊन आलों होतों.” आणि जरा थांबून, “तुमच्या माराचं एवढं नव्हतं. पोरं हंसलीं, त्याचं होतं.”

ह्यावर बोलण्यासारखें आमच्यापाशीं एकहि सुभाषित नव्हतें. “आमची चूक झाली,” एवढेंच कसेंबसें म्हणालों. त्यानें पेला पुन्हां पुढें केला. “घ्या. ऊन आलं कीं चव जाते.”

नीरेची चव वाचकांस कशी सांगावी? उंसाच्या रसासारखी गोड, पण त्याहून हलकी. शहाळ्याच्या पाण्यासारखी थंड, पण त्याहून दाट. आणि शेवटीं मातीचा व धुराचा किंचित् वास, कारण मडकीं शेकून घेतलेलीं असतात. पुतण्यानें दोन घोट घेतले आणि डोळे मिटले. परदेशींच्या त्या धुराच्या व्हिस्कीची त्याला आठवण झाली असावी. पण तो तें बोलला नाहीं, हें त्याचें शहाणपण. दुसरा पेला त्यानें मागून घेतला.

उजाडूं लागलें. आम्हीं पैसे काढले, तेव्हां तो हंसून म्हणाला, “गुरुदक्षिणा राहिली होती, ती समजा.” ह्याच्याइतका जड शब्द आमच्या कानांवर कधीं पडला नाहीं. त्याचा मुलगा बोइसरच्या कारखान्यांत जातो. झाडावर चढणारा घरांत हा एकटाच उरला आहे. नात पांचवींत आहे. जातां जातां तिनें आपली वही आणून दाखविली. अक्षर आजोबांचें होतें. “सकाळीं झाडांखालीं येतेस काय?” आम्हीं विचारलें. ती म्हणाली, “येतें, पण मग अंघोळ करून शाळेंत जातें.” आजोबांनीं दुसरीकडे पाहिलें. ही शिस्त घरांत कोठून आली, तें आम्हांस कोणी सांगावयास नको होतें.

परतीच्या गाडींत पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, परवां तुमच्याच घरांत मी वाइनच्या गोष्टी सांगत होतों, तेव्हां तुम्ही हंसत ऐकत होतां. मला छडी मारली नाहीं.” त्याचें म्हणणें अगदीं बरोबर होतें. आपल्या घरांतला मुलगा काचेच्या पेल्यांतलें पितो तेव्हां ती रसिकता, आणि पाड्यावरच्या पोराच्या सदऱ्याला वास आला तर तें व्यसन! आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून आज हा हिशोब सर्रास चालतो. आम्हीं आयुष्यभर मद्य घेतलें नाहीं, ह्याचा आम्हांस थोडा अभिमान होता. पण न पिणाऱ्यालाहि एक नशा असते, आणि तिच्यांत आमच्या हातून एका मुलाची शाळा सुटली.

आमची यादी आतां पुतण्याच्या वहींत लिहिलेली आहे. तींत एकच नांव आहे: नीरा, सूर्योदयापूर्वींची. खालीं त्यानें विचारलें, “ह्यासाठीं किती गुण?” आम्हीं त्यास सांगितलें कीं, गुण देण्याचें काम आम्ही सोडलें आहे. पुढच्या माघांत पुन्हां जाण्याचा बेत आहे. नातीला शब्दकोश हवा आहे. तो आम्हीं आजच आणून ठेविला आहे.