थिनरचा वास : टोल्युईन शरीरात काय करतं?

दिवाळीच्या आधी खुलताबादमध्ये माझ्याकडे एक तक्रार हमखास येते. "डॉक्टर, डोकं जड झालंय, मळमळतंय." मी बीपी बघतो आणि विचारतो, "घरात रंगकाम चालू आहे का?" बहुतेक वेळा उत्तर 'हो' असतं.

फर्निचर आणि गाड्यांच्या रंगाचा थिनर, पंक्चरचं सोल्यूशन, काही चिकटद्रव्यं, यांत अनेकदा टोल्युईन असतं. बेंझिनच्या कड्याला एक मिथाइल गट जोडला की टोल्युईन तयार होतं. ते सुमारे ११० अंश सेल्सिअसला उकळतं, पण साध्या खोलीतही भराभर उडतं आणि लगेच पेट घेतं. त्याची वाफ हवेपेक्षा तिप्पट जड असल्याने जमिनीलगत साचते. म्हणून ताज्या रंगाच्या बंद खोलीत खाली अंथरूण टाकून झोपू नका.

बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. टोल्युईनच्या बाबतीत तो मिथाइल गट आपल्या मदतीला येतो. यकृत त्याचं बेंझोइक आम्ल करतं, पुढे हिप्युरिक आम्ल होऊन ते लघवीतून बाहेर पडतं. मग भीती कशाची? श्वासातून गेलेलं टोल्युईन यकृताच्या आधी मेंदूत पोहोचतं, आणि मेंदूत चरबी भरपूर असल्याने तिथे सहज विरघळतं.

मध्यंतरी एका आईने हळूच विचारलं, "पोराच्या शर्टाला सोल्यूशनचा वास येतो. नुसतं हुंगल्याने काय होतं?" ताई, खूप काही होतं. सवय लागली तर तोल आणि स्मरणशक्ती बिघडते. रक्तातलं पोटॅशियम घसरून हातपाय लुळे पडू शकतात. हृदयाचे ठोके अचानक बिघडून मृत्यूही येतो, अगदी पहिल्या वेळेलासुद्धा.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मूल हुंगताना दिसलं तर ओरडू नका, मारू नका, पाठलाग करू नका. घाबरल्यावर शरीरात ॲड्रेनालिन वाढतं आणि त्या क्षणी हृदयाला तेच झेपत नाही. शांतपणे मोकळ्या हवेत आणा. शुद्ध हरपली किंवा छातीत धडधडलं, तर लगेच १०८ ला फोन करा. कुणी थिनर चुकून प्यायलं तर उलटी करवू नका. ते फुप्फुसात जाऊ शकतं.

व्यसन सोडवण्यासाठी १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे. आणि मुलाला दवाखान्यात आणायला लाजू नका. हा आजार आहे, त्याच्यावर उपचार होतात.