वाडीचे वळण

आगगाडीतून मधल्याच स्टेशनावर उतरणारा मनुष्य घरच्यांच्या दृष्टीने एक तर रुसलेला असतो, नाही तर बिघडलेला. सांगलीचे लग्नकार्य आटोपून आम्ही सहकुटुंब पुण्याला परतत होतो. भिलवडी मागे पडली तशी मी फळीवरची पिशवी खाली काढली आणि म्हणालो, "मी किर्लोस्करवाडीला उतरतो. रात्रीच्या गाडीने येईन."

"तिथे कोण आहे आपलं?" सौभाग्यवतींनी विचारले.

"कोणी नाही."

"मग पंप घ्यायचाय का?" चिरंजीवांनी शंका काढली. आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो.

खरे कारण माझ्या पिशवीत होते. आमचे प्राचार्य मध्यंतरी व्यवस्थापनशास्त्राच्या एका शिबिराला जाऊन आले आणि येताना 'कार्यसंस्कृती' हा शब्द घेऊन आले. लगेच कार्यसंस्कृती समिती स्थापन झाली. शब्द मराठी असल्यामुळे अध्यक्षपद मराठीच्या प्राध्यापकाकडे, म्हणजे अस्मादिकांकडे आले. महिनाभर आम्ही भिंतीवर लावायची सुवचने निवडली. मग एक खराखुरा प्रश्न समोर आला. ग्रंथालयाची संध्याकाळची पाळी सांभाळायला एक मदतनीस हवा होता. त्याने नऊ वाजता कुलूप लावून किल्ल्या स्वतःपाशी ठेवायच्या. अर्ज एकाच मुलाचा होता. या मुलाने विद्यार्थी असताना वसतिगृहातली एक सायकल चोरून विकली होती. पुढे त्याने ते कबूल केले, पैसेही भरले. समितीतल्या दोघांनी 'नको' असा शेरा मारला होता, दोघांनी 'हरकत नाही' असा. पाचवी सही माझी. तो कागद पंधरा दिवस माझ्याबरोबर हिंडत होता. सांगलीचे लग्नही त्याने पाहिले.

वाडीला उतरण्याचे कारण एवढेच की, किल्ल्या कोणाच्या हाती द्याव्यात या प्रश्नाला या गावाने फार पूर्वी एक उत्तर दिले होते, असे मी वाचले होते.

या स्टेशनाचे मूळ नाव कुंडल रोड. कुंडल हे जुने गाव. त्याच्या नावाने माळावर एक थांबा होता, इतकेच. लक्ष्मणराव किर्लोस्कर इथे आले ते १० मार्च १९१० रोजी. तोपर्यंतचे त्यांचे आयुष्य म्हणजे एकामागून एक बंद झालेली दारे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले, तर रंग नीट ओळखता येत नाहीत असे निघाले. व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिकवू लागले, तर बढती दुसऱ्याला मिळाली. बेळगावात भावाबरोबर सायकली विकल्या, कडबा कापायची यंत्रे केली, लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीला विष लागते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, म्हणून पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे कारखान्याची ती जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी बत्तीस एकर माळ आणि बिनव्याजी दहा हजार रुपये देऊ केले. माळ म्हणजे निवडुंग आणि नागसाप. पंचवीस कामगार बायकामुलांसह तिथे उतरले. त्या बाया पहिल्या रात्री काय बोलल्या असतील, ते इतिहासात नाही. पण प्रत्येक गृहस्थ ते सांगू शकेल.

आज स्टेशनाबाहेर पडले की झाडांची सावली लागते. कारखाना चालू आहे, तिथे पंप होतात. फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर मी टेकलो. शेजारी ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ बशीतला चहा फुंकीत बसले होते.

"कुनाकडं आलाय?" त्यांनी विचारले.

"कोणाकडे नाही. वाडी पाहायला आलो."

"वाडी बघाय? ह्ये बरं केलं. मास्तर का?"

मास्तरकी चेहऱ्यावर दिसते ती अशी. त्यांचे वडील फौंड्रीत होते, आणि तेही तिथूनच निवृत्त झालेले. आम्ही बोलत बसलो. मी मुद्द्यावर आलो. "काका, दरोडेखोर पहारेकरी ठेवले होते म्हणतात, ते खरं?"

"खरं म्हंजे? आख्ख्या मुलखाला ठावं हाय." ते हसले. "दरोड्याची शिक्षा झालेली मानसं. रातीचा पहारा त्यांच्याकडं. वडील सांगायचं, त्यांच्या पहाऱ्यात दाराला कडी घालायचं ध्येनात ऱ्हायचं न्हाई."

ही गोष्ट लक्ष्मणरावांच्या चरित्रात नोंदलेली आहे. तुरुंगातून आलेल्या माणसांवर त्यांनी वसाहतीचा रात्रीचा पहारा सोपवला आणि ती माणसे विश्वासाला जागली. हा एखाद्या दिवशी आलेला लहरीपणा नव्हता. त्यांचे सहकारी पाहावेत. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर इथे कल्पक अभियंते झाले. शंभोराव जांभेकर यंत्रांचे आराखडे करीत आणि वेळ पडली तर औषधपाणीही पाहत. मंगेशराव रेगे हिशेबाला, वसाहतीचा कारभार रामुअण्णांकडे. बाहेरच्या जगात ज्यांना कोणी विचारले नसते, अशांना इथे कामच नव्हे, तर जबाबदारी मिळाली. वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याची बातमी देणारी 'किर्लोस्कर खबर' काढली. तिचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले; मग १९३० साली 'स्त्री', १९३४ साली 'मनोहर'. आपल्यापैकी कित्येकांच्या आया-आज्यांनी दुपारची झोप मोडून वाचलेली ही मासिके एका नांगराच्या कारखान्याच्या आवारातून निघाली.

याला प्राचार्यांच्या शिबिरात 'कार्यसंस्कृती' म्हणतील. आपल्या घरात त्याला 'वळण' म्हणतात. आणि वळण कोणी सुवचने लावून लावत नाही. घरातला कर्ता मनुष्य कोणाला काय सोपवतो, हे पाहून पोरे शिकतात. मालकाने एका बदनाम माणसाच्या हाती रात्र सोपवली, हे शेजारच्या लोहाराने पाहिले की त्याला वेगळे भाषण लागत नाही.

औंध संस्थानच्या हवेतच काही तरी असावे. याच राजांच्या राज्यात, १९४० च्या थोडे आधी, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. भिंती नसलेला तुरुंग. शांतारामबापूंचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' त्याच प्रयोगावरून सुचलेला, आणि कथा गदिमांची. तेही त्याच मुलखातले.

"पण काका," मी म्हणालो, "हे सगळं एका माणसाच्या भलेपणावर चाललं. बापासारखा मालक असला की बाकीचे सगळे पोरंच राहत नाहीत का? आणि तो गेल्यावर?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "अठ्ठेचाळीसला जाळला की कारखाना."

गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ साली जी जाळपोळ झाली, तिची झळ वाडीलाही बसली. इतक्या वर्षांचे वळण आणि बाहेरून आलेली आग. मी गप्प राहिलो.

"जळाल्यावर बी पुन्यांदा उभा केलाच की," ते म्हणाले. "मालक छप्पन साली गेलं. तवर आमच्या वडलांस्नी कुनी सांगाय लागत न्हवतं. ओतीव काम बिघडलं तर स्वताच फोडायचं. वरनं बघाय कोन न्हाई, तरी फोडायचं. आमाला वाटायचं, ह्यो येडेपना. मग मी बी तसंच फोडाय लागलो." थोडे थांबून ते म्हणाले, "समद्यांनीच फोडलं आसंल, आसं मी म्हननार न्हाई. रोज संबाळाय लागतं त्ये."

रात्रीच्या गाडीत दिवा मंद होता. कागद मांडीवर घेऊन मी 'हरकत नाही' असे लिहिले आणि सही केली. अक्षर जरा हलले, दोष गाडीचा.

गोष्ट इथे संपली असती तर मी स्वतःला लहानसा लक्ष्मणराव समजलो असतो. पण तो मुलगा कामाला लागला आणि माझी झोप उडाली. नऊ वाजायच्या सुमाराला मला फिरायला जाण्याची इच्छा होऊ लागली. पाय आपोआप महाविद्यालयाच्या समोरच्या पानपट्टीकडे वळत. दिवे मालवले जात, कुलूप लागे, तो ते दोनदा ओढून पाही आणि सायकलीवरून निघून जाई. सायकल त्याची स्वतःची होती. मी पावतीसुद्धा मनात तपासली होती. असे आठ दिवस चालले. घरी, डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे, असे मी सांगत होतो.

नवव्या दिवशी कुलूप लावून तो सरळ रस्ता ओलांडून माझ्याकडे आला.

"सर, रोज उभे असता. चहा घेऊ या का?"

मला पानाचा ठसका लागला. त्याने पाणी आणून दिले. कुठल्याच गोष्टीचा उल्लेख न करता आम्ही अर्धा-अर्धा कप चहा घेतला. पैसे त्याने दिले, आणि मी ते देऊ दिले.

त्या रात्री एक गोष्ट ध्यानात आली. वाडीच्या त्या माळावर लक्ष्मणरावांनी पहारेकऱ्यांच्या हाती काठी-कंदील दिला, ही कामगिरी मोठी खरीच. पण त्याहून मोठी कामगिरी ही की, त्यानंतर ते घरात जाऊन झोपले. विश्वास ठेवल्याचा कागद कोणीही लिहील. मी तो आगगाडीत लिहिला. पहारा करणाऱ्यावर पहारा न करणे, हे वळण आधी वरच्या माणसाला लावून घ्यावे लागते. मगच ते खाली उतरते.

दहाव्या दिवशी मी फिरायला गेलो नाही. "डॉक्टरांनी चालणं बंद करायला सांगितलं वाटतं?" सौभाग्यवतींनी विचारले. त्यांना पहिल्या दिवसापासून सगळे ठाऊक होते. मात्र आठही दिवस त्यांनी मला एका शब्दाने हटकले नव्हते.