अर्धवट पडलेलं झाड

दिवाळी सरली, भात झोडून झालं की कोकणात सरपणाचे दिवस येतात. मालकीच्या रानातला ऐन, किंजळ तोडायचा, फोडायचा आणि पावसाच्या आत पडवीला रचायचा. हा अंक घरोघरी पोचेल तेव्हा डोंगरउतारांवर कटर सुरू झालेले असतील. संपादकांना खरं तर 1964 च्या वृक्षतोड कायद्यावर लेख हवा होता. मी विषय बदलून मागितला. कायद्यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. तोडलेलं झाड शेजारच्या झाडात अडकून राहिलं तर काय करायचं, हे मात्र मजुराला कुणी सांगत नाही.

आणि कोकणात ते अडकतंच. जुन्या तोडीच्या खुंटांना फुटवे येतात आणि एकेका खुंटावर चार-पाच सोट उजेडासाठी चढाओढ करत सरळ वर जातात. शेंडे एकमेकांत घुसलेले, त्यांत उक्षी आणि गारंबीचे वेल. कटर आरपार जातो, झाड थोडं कलतं आणि शेजाऱ्याच्या फांदीवर टेकून थांबतं.

थांबलं म्हणजे धोका टळला, असं पाहणाऱ्याला वाटतं. सगळ्यात मोठा गैरसमज हाच. मध्यावर 30 सेंटिमीटर जाड आणि 12 मीटर लांब खोड धरलं तर ते सुमारे 0.85 घनमीटर भरतं. ओल्या ऐनाचं तेवढं लाकूड पाऊण टनाच्या पुढे जातं. हे सारं वजन वर एखाद्या फांदीच्या बेचक्यावर आणि खाली खुंटाच्या काठावर तोललेलं असतं. बेचकं कधी मोडेल, बुंधा कोणत्या बाजूला घसरेल, हे खालून दिसत नाही.

मग बहुतेक टोळ्या एकच उपाय करतात: ज्या झाडावर ते टेकलंय तेच तोडायचं. दोन्ही एकदम खाली येतात, सरपणही दुप्पट मिळतं. या पद्धतीवरून जुन्या, हाताला सवय असलेल्या माणसांशी माझे अनेकदा वाद झाले आहेत, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो. झाड नीट पाडायचं तर पडण्याच्या बाजूला आधी खाच घेतात, मग मागून काप देतात आणि मध्ये लाकडाची एक पट्टी न कापता ठेवतात. तिची जाडी खोडाच्या व्यासाच्या साधारण दहावा हिस्सा असते. ही पट्टी बिजागरीचं काम करते. झाड कुठे जाणार, ते तीच ठरवते. पण टेकूच्या झाडावर दुसऱ्याचं वजन आडवं रेलत असतं. मागचा काप पुरा होण्याआधीच बिजागरी पिळवटून तुटू शकते, खोड उभं चिरू शकतं. त्याच क्षणी वरचं झाड मोकळं होतं. कापणारा नेमका दोघांच्या खाली असतो आणि चालू मशीनच्या आवाजात त्याला फांदीची कडकडही ऐकू येत नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1998 मध्ये जंगलकामासाठी सुरक्षासंहिता काढली. टेकूचं झाड तोडू नये, अडकलेल्यावर दुसरं झाड पाडू नये, त्यावर चढू नये, खाली काम करू नये, असे नियम आता जगभर मानले जातात. बुंध्याकडून तुकडे पाडत झाड उभं करत आणण्याचाही त्यात निषेध आहे. दर तुकड्यागणिक खोड खाली आदळतं आणि बुंधा कापणाऱ्याच्या पायांकडे सरकू शकतो. ‘आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो’ हे उत्तर मला प्रामाणिक वाटतं, पण पटत नाही. ज्यांचं चुकलं ते हा वाद घालायला येत नाहीत.

योग्य कृती धीम्या गतीची आहे. आधी मशीन बंद करून मागे सरायचं आणि वर बघायचं. झाड लहान असेल तर बिजागरीचा बहुतेक भाग कापून कडेची थोडी पट्टी ठेवायची, खोडाला पट्टा आवळून दांड्याने फिरवायचं. खोड ज्या बाजूला गडगडेल तिथे कुणी उभं राहायचं नाही. मोठ्या झाडाला विंच हवी. बुंधा पडण्याच्या दिशेच्या उलट, मागे ओढायचा. तो मातीत रुतू नये म्हणून खाली फळी सरकवायची. विंच चालवणारा झाडाच्या आवाक्याबाहेर हवा. तारेच्या वळणाच्या आतल्या बाजूला कुणी नको, कारण तार तुटली तर ती तिकडेच झेपावते. दहा माणसांनी काथ्याच्या दोराने ओढणं हा याला पर्याय नव्हे. ओढणारे पडणाऱ्या झाडाच्या वाटेत असतात, आणि कुणीतरी दोर मनगटाला गुंडाळतोच.

यातलं काहीच जमत नसेल तर झाड तसंच सोडायचं. खुणेची दोरी बांधायची आणि लांब जायचं. अमेरिकेच्या लाकूडतोड नियमात हे अंतर झाडाच्या उंचीच्या दुप्पट ठेवलंय. सोडून जाणं हे भित्रेपण आहे, असं टोळीत मानलं जातं. मला मात्र कटर बंद करून परतणारा माणूसच खरा कसबी वाटतो.

झाडं एकमेकांत अडकतात ती फक्त तोडीतच नव्हे, वादळातही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतच्या वाड्यांत नारळ, पोफळी, आंबे एकमेकांवर कोसळले. ज्यांनी आयुष्यात मशीन धरलं नव्हतं तेही वाट मोकळी करायला धावले. उन्मळलेल्या झाडात आणखी एक धोका असतो. खोड बुंध्याजवळ कापलं की मुळांचा मातीसकट गड्डा झपकन उभा होऊन खड्ड्यात परत बसू शकतो, आणि गावातली मुलं खेळायला त्याच खड्ड्यात उतरतात. पुढच्याच वर्षी, मे 2021 मध्ये, तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं.

अशा अपघातांची बातमी मात्र दोन ओळींची येते: झाड अंगावर पडून मजुराचा मृत्यू. वाचणारे निष्काळजीपणाला बोल लावतात. तोडीचा दर वजनावर ठरतो, आणि विंच आणायला गेलेल्या अर्ध्या दिवसाचं वजन शून्य असतं, हे त्या दोन ओळींत मावत नाही. माझं सांगणं त्या मजुरापर्यंत पोचतं का, याची मला शंकाच आहे. म्हणून हा लेख रान विकणाऱ्यांसाठी आणि गावकीसाठी आहे. हाताने चालवायची एक विंच, पोलादी तार, दोन पट्टे आणि हेल्मेटं गावाने मिळून घ्यावीत. वादळानंतर तीच उपयोगी पडतील. तोडीचा सौदा ठरवताना अडकलेल्या झाडाच्या खोळंब्याची मजुरी वेगळी धरावी आणि ती रानमालकाने द्यावी.