मढं झाकून

‘मढं झाकून पेरतं व्हावं.’ आमच्या भागात ही म्हण कौतुकानं म्हणतात. वाफसा कुणासाठी थांबत नाही. घरात प्रेत असलं तरी कुणब्यानं आधी तिफण धरावी. मीही ती तशीच वापरत आले. पण गेले काही दिवस तिच्यातला ‘झाकून’ एवढाच शब्द मला सोडत नाही. कशानं झाकत असतील? गोधडीनं? दोरीवरच्या धोतरानं? जवळ कुणी बसत असेल, की घरातली बाईही ओटीत बी घेऊन तिफणीमागं चालत असेल? म्हण पेरणीपाशी थांबते. संध्याकाळी घरी परतल्यावर ते पांघरूण कुणी आधी उचललं, हे ती सांगत नाही.

आणि मढं घरात नसून वावरातच असेल तर?

माझं माहेर प्रवरेकाठचं, सासर शिंगणापूर. माहेरच्या वावरात बांधालगत, लिंबाच्या उजव्या हाताला एक कोपरा आहे. आजीचं पहिलं लेकरू, बारसंही न झालेलं, तिथं पुरलंय. आमच्यात तान्ह्याला जाळत नाहीत. वर दगड नाही, ओटा नाही. आजोबा तिथं आले की औत उचलून धरत, चार पावलं चालत आणि पुन्हा टेकवत. वडिलांनीही तेच केलं. त्या जागेची खूण म्हणजे एवढंच, औत उचलणं. ट्रॅक्टर आला आणि ती गेली. भुईमुगाच्या शेंगा तोडताना आजी एकदा मला म्हणाली होती, ‘तिथं पाय देऊ नको, तुझा चुलता आहे.’ महिन्याचाही न झालेला तो जीव, पण नात्यानं चुलता.

सातबाऱ्यावर विहीर चढते, पीक चढतं, कर्जाचा बोजा चढतो. चुलता चढत नाही. मी तर हक्कसोड पत्रावर सही करून मोकळी झालेली. त्या मातीवर माझं कागदोपत्री काहीच नाही.

कायदा काय म्हणतो ते बघायला बसले. वावरात सांगाडा निघाला की पोलीस येतात, पंचनामा होतो. हाडं फार जुनी निघाली, तर १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. त्याच्या व्याख्येत दफनाची जागाही येते, पण ती किमान १०० वर्षांची हवी, आणि संरक्षण मिळतं ते सरकारनं तसं जाहीर केल्यावर. माझा चुलता शंभराच्या आतला. पोलिसांचाही नाही, पुरातत्त्वाचाही नाही. भारतीय न्याय संहितेचं ३०१ वं कलम दफनाच्या जागेत घुसून विटंबना करणाऱ्याला शिक्षा सांगतं. पण भावना दुखावण्याचा हेतू हवा, नाहीतर त्या दुखावतील याची जाणीव तरी हवी. या ‘जाणीव’ शब्दापाशी मी अडले. वावर आता भावाकडं आहे, आणि त्याला ती जागा ठाऊक नाही. मी सांगितलं, तर ठाऊक होईल. म्हणजे जागा राखायला निघालेली मी आधी त्याच्याच डोक्यावर काही ठेवणार.

१८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. हे वाचलं आणि नेवाशाचं ते लेकरू आठवलं.

नेवाशाला प्रवरेच्या काठी लाडमोड नावाचं टेकाड आहे. ह. धी. सांकळिया आणि डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९५४ ते १९५६ या काळात तिथं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली, आणि घरांच्या जमिनीखाली लेकरं. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत चिमुकली हाडं. पुढं इनामगावलाही तसंच आढळलं. तिथं मोठ्या माणसांना पाय घोट्यापासून तोडून पुरलेलं होतं. मेलेल्यानं उठून चालू लागू नये म्हणून असेल, असं अभ्यासक म्हणतात. भीती असेल. मला वाटतं, कुणाला कुठं जाऊच द्यायचं नसेल.

नेवाशाच्या एका लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याला लागून असल्यामुळं आतला दोराही थोडा टिकला. तपासला तेव्हा त्यात कापूस आणि रेशीम निघालं. तो दोरा वळणाऱ्या हातांचा विचार मी किती वेळ करत बसले. माळेला किंमत आहे, ती कायद्यात बसते. गळ्याचं काय? अमेरिकेत १९९० साली कायदा झाला आणि संग्रहालयांतली हाडं मूळ रहिवाशांच्या वंशजांना मागता येऊ लागली. नेवाशाच्या लेकराला मागायला कोण जाणार? मी जाऊ? त्याच नदीचं पाणी प्यायले, एवढ्या नात्यावर?

पण ते टेकाड उकरलंच नसतं, तर माळ, दोरा, लेकरू, सगळं कधीतरी नांगराखाली गेलं असतं आणि मला त्याचं दुःखही झालं नसतं. उघडणाऱ्यांनीच ते राखलं. मग आजोबांचं औत उचलणं काय होतं, राखणं की झाकणं?

इथं शिंगणापुरात सांगतात, पुरात वाहून आलेल्या शिळेला गुराख्यानं काठी टोचली आणि रक्त आलं. मग स्वप्नात देवानं सांगितलं, माझ्यावर छप्पर नको. शिळा अजून उघड्या आभाळाखाली आहे, आणि गावातल्या बऱ्याच घरांच्या चौकटींना दारं नाहीत. टोचल्यावर रक्त आलं, म्हणून टोचणारा थांबला. हाडांतून काही येत नाही. आणि आपल्याला काय हवंय, छप्पर की आभाळ, हे माझा चुलता कुणाच्या स्वप्नात येऊन सांगणार नाही.

आजीनं दगड का ठेवला नाही, हे मी तिला विचारलं नाही. कुणी विचारू नये म्हणून? की पुढच्या लेकरांना नजर लागू नये म्हणून? की तिला खुणेची गरजच नव्हती?

वर मी लिहिलं, लिंबाच्या उजव्या हाताला. लिहिताना पक्कं होतं. पण वाटणीनंतर बांध सरकला, आणि तो लिंब आता नाही. शिवाय आजीनं सांगितलं तेव्हा आम्ही विहिरीकडं तोंड करून बसलो होतो की रस्त्याकडं, ते आठवत नाही. रस्त्याकडं असेल, तर डावा हात.