‘गोडीला बघू’

एप्रिलची खरड छाटणी झाली की पंधरवड्यात द्राक्षवेलीचा आडवा ओलांडा फुटींनी भरून जातो आणि त्यातल्या बऱ्याचशा फुटी आपल्याच हाताने काढून टाकायच्या असतात, हे मला माहीत होतं. पटत मात्र नव्हतं. बायका ओळीत शिरल्या की मी मागून सांगत सुटायचे, “ती राहू द्या गं, गोडीला बघू.” गोडीला म्हणजे ऑक्टोबरच्या फळछाटणीला. तेव्हा घड दिसतात, बिनमालाची काडी तेव्हा काढता येते. मग आत्ता, काहीच कळत नसताना, धडधाकट फूट मोडायची कशाला?

हा हिशेब खुळा होता असं मी आजही म्हणणार नाही. निफाडच्या पट्ट्यात ज्याने तोडणीला आलेला माल गारांखाली गेलेला पाहिलाय, त्याला चार काड्या जास्तीच्या ठेवायची सवय लागतेच. तोडलेली फूट परत चिकटवता येत नाही. ठेवलेली कधीही काढता येते. इतकं सरळ वाटायचं.

मत फिरलं ते काडी तपासणीच्या टेबलापाशी. फळछाटणीआधी आपण काड्या प्रयोगशाळेत देतो. कितव्या डोळ्यात घड आहे ते कळलं की तिथे कात्री लावता येते. एरवी मी चिठ्ठी घेऊन निघायचे. त्या वर्षी थांबले. तपासणाऱ्या मुलाने ब्लेडने डोळ्याचे तपकिरी पापुद्रे सोलले, आतली लव बाजूला केली आणि मला भिंगाखाली बघायला सांगितलं. बांधाकडेच्या ओळीतल्या काडीत मोहरीहूनही बारीक, फुगवट्यांवर फुगवटे चढलेला घड होता. मधल्या दाट ओळींतल्या काड्यांत त्याच जागी दोन टोकांची बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा नुसता तंतू. पुढच्या डोळ्यातही बाळी. बाग तीच, खत-पाणी तेच. फरक उजेडाचा.

नंतर मी नीट समजून घेतलं. डोळ्यात आधी जो कोंब धरतो तो घडही नसतो आणि बाळीही नसते. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत तो कुठल्या वाटेने जाणार ते ठरतं. डोळ्याला ऊन मिळालं आणि सायटोकायनिनचं पारडं जड राहिलं तर घड. दाटीत, सावलीत वाढ चालूच राहिली आणि जिबरेलिनने जोर केला तर बाळी. म्हणजे मी जे ऑक्टोबरात बघू म्हणत होते, ते मृगाच्या आसपासच ठरून गेलेलं असायचं. आणि माझ्या त्या शिलकीच्या काड्या नुसत्या उभ्या राहत नव्हत्या, शेजारच्या काडीच्या डोळ्यांवर सावली धरत होत्या.

आणखी एक गोष्ट मला तेव्हाच कळायला हवी होती. दाटी झाली की शेंडे धावतात, आणि ते थोपवायला आपण सीसीसी मारतो, म्हणजे क्लोरमेक्वाट. आमच्याकडे सगळेच मारत. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत त्याचे अंश सापडले आणि निर्यातीची जी दैना झाली ती द्राक्षवाल्याला सांगायला नको. तेव्हा आम्ही औषधाला, नियमांना, निर्यातदारांना नावं ठेवली. वेलीवर काड्या किती ठेवल्यात, हा प्रश्न कुणी काढल्याचं मला आठवत नाही.

आता विरळणी वेळेवर होते. पाच-सहा पानांची फूट अंगठ्याने बुडाशी बाजूला दाबली की कट्कन सुटते, जखमही नावापुरती. आठवडाभर उशीर झाला की तीच फूट साल ओढून निघते, मग कात्री आली. ओलांड्याच्या खालून निघालेली, एका डोळ्यातून जोडीने आलेली, या फुटी काढायला काही वाटत नाही. जिवावर येते ती माजलेली फूट: जाड, टचटचीत, सगळ्यांच्या पुढे गेलेली. सुरगाण्याकडच्या टोळीतल्या बायका अजूनही तिथे हात थांबवून विचारतात, “ताई, हीसुद्धा?” हीसुद्धा. तिच्यामुळे बाकीच्या मागे पडतात.

आमची लागवड नऊ बाय पाच फुटांची, म्हणजे वेलीला ४५ चौरस फूट. निर्यातीला दीड चौरस फुटाला एक घड धरला तर ३० घड झाले. एवढ्यासाठी काड्यांचं रान कशाला माजवायचं? हे काम मी उक्तं देणंही बंद केलं. एकराच्या भावाने घेतलेल्या कामात हात पळतो आणि फुटीकडे बघायला कुणाला सवड नसते. रोजाने खर्च वाढतो, त्यावरून घरात दर एप्रिलला एकदा वाजतंच.

जुनं मत मी पुरतं सोडलेलं नाही. चाळिशीच्या उन्हात डोळे मागेपुढे फुटतात, म्हणून सगळी विरळणी एका हातात उरकत नाही. पहिल्या हाताला दोन-तीन फुटी जादा ठेवते, मागचे डोळे फुटले की दुसऱ्या हाताला त्या काढते. पश्चिमेच्या कडेच्या ओळीत मात्र त्या तशाच राहतात. तिथला ओलांडा दुपारचं सगळं ऊन अंगावर घेतो, थोडी सावली त्याला लागतेच, आणि तिथल्या काड्यांच्या तपासणीत अजून तरी बाळ्या वाढलेल्या नाहीत.